फुटपाथवर झोपतातच कशाला?

डिसेंबर 2024. पुण्याच्या वाघोलीत केसनंद फाट्याजवळ दारू प्यायलेल्या ड्रायव्हरनं डंपर थेट फुटपाथवर घातला. तिघं गेले. त्यात दोन लेकरं, एक तर जेमतेम वर्षाचं. अमरावतीकडून मजुरीला आलेली माणसं. दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर आमच्या ऑफिसात पहिलं वाक्य पडलं ते हे : “पण ही लोकं फुटपाथवर झोपतातच कशाला?”

मला उत्तर सुचलं, पण रात्री. नेहमीसारखं.

वांद्र्याचा कार्टर रोड, 12 नोव्हेंबर 2006, पहाटे चारच्या सुमारास. गाडीखाली सात मजूर मेले. ते त्याच रस्त्याच्या दुरुस्तीच्या कामावर होते, राहायला फुटपाथवरच्या तात्पुरत्या झोपड्या. झोपले कशाला, तर सकाळी उठून तुमचा-आमचा रस्ता करायचा होता म्हणून! चालवणाऱ्याच्या 100 मिली रक्तात 112 मिलिग्रॅम अल्कोहोल. कायद्याची मर्यादा 30. सत्र न्यायालयानं सहा महिने दिले, हायकोर्टानं त्याची तीन वर्षं केली. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली आणि शिक्षा तोकडी आहे असं निकालात लिहिलं, पण वाढवायची कशी? सरकारनं त्यासाठी अपीलच केलं नव्हतं.

कल्याणीनगरच्या पोर्शेवाल्या पोराला जामीन देताना लिहायला सांगितलेला 300 शब्दांचा निबंध सगळ्यांना पाठ आहे. वाघोलीची तारीख विचारून बघा कुणाला.

आणि दारूडा म्हणजे फक्त डंपरवाला, असं आपण धरून चालतो. हॉटेलच्या पार्किंगमध्ये कान देऊन उभे राहा. “अरे, दोनच घेतलेत.” “मागच्या गल्लीनं जा, पुढं नाकाबंदी आहे.” ही नाकाबंदीची खबर ग्रुपवर टाकणाऱ्याला आपण वर अंगठाही देतो.

मी काही वेगळा नाही. एका लग्नाहून येताना मावसभाऊ तर्र होऊन गाडी चालवत होता आणि मी मागं गप्प बसून होतो. दादाचा पाणउतारा नको म्हणून. गाडी दोनदा दुभाजकाला घासली. कुणी मेलं नाही, म्हणून आमच्या घरात ती गोष्ट अजून हसत हसत सांगतात.

गेल्या 31 डिसेंबरला मात्र मी त्याच्याकडं किल्ली मागितली. “लई शहाणा झालास,” म्हणाला, आणि किल्ली टेबलावर आपटली. तीन महिने बोलत नव्हता. वहिनीचा फोन मात्र दुसऱ्याच दिवशी आला.