खुलासा: 6 किलोवॅटची भट्टी घरच्या प्लगवर चालत नाही

आपल्या कुंभार मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘6 किलोवॅटची इलेक्ट्रिक भट्टी घ्या, घरच्या 16 अँपच्या प्लगला लावा, आवा (मडकी भाजायचा उघडा ढीग) रचायची कटकट संपली.’ हे चूक आहे, आणि धोक्याचंही.

हिशेब बघा. 230 व्होल्टवर 6 किलोवॅट म्हणजे 26 अँप. 16 अँपच्या प्लगची मर्यादा साडेतीन किलोवॅटच्या आसपास, आणि भाजणी तर आठ-दहा तास चालते. एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडला तर नशीब समजा. नाही पडला, तर सॉकेट आधी पिवळं पडतं, मग वितळतं.

व्होल्टेजचा तर मेसेजमध्ये उल्लेखही नाही. संध्याकाळी गावात ते 190 वर उतरलं की तीच भट्टी जेमतेम 68 टक्के उष्णता देते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तापमानाचा काटा मध्येच अडून बसतो, वीज मात्र जळत राहते. म्हणून पैसे देण्याआधी, भट्टी ठेवायची तिथेच, भर संध्याकाळी व्होल्टेज मोजून घ्या.

शेतीपंपाच्या लाइनवर जोडायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. ते नियमात बसत नाही, शिवाय ती लाइन ठरावीक तासच असते. वेगळं थ्री फेज कनेक्शन घ्या. तीच भट्टी थ्री फेजची घेतली तर भार दर फेजला 9 अँपच्या आत येतो.

आणि 1300 अंशांची महागडी भट्टी कशाला? आपली लाल माती 1000 अंशांच्या आसपास पक्की होते. 1200 वर नेली तर मडकं मऊ पडून खाली बसतं, भट्टीतली त्याच्याखालची फळीही खराब होते.