वेदना, राग आणि चुरमुरे

विपश्यनेला, म्हणजे ध्यानाच्या शिबिराला जाऊन आलो. दहा दिवस. फॉर्म बायकोने भरला, मी फक्त ओटीपी सांगितला. कारण काय तर मी फार चिडतो म्हणे. ही शिबिरं सुरू करणारे गोयंका गुरुजी स्वतः मायग्रेनने हैराण होऊन १९५५ मध्ये रंगूनला विपश्यना शिकवणाऱ्या उ बा खिन यांच्याकडे गेले होते, तर त्यांना सांगितलं गेलं की नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर नका येऊ, विद्या त्यासाठी नाहीये. म्हणजे बायकोने पाठवलेल्या माणसाला तर गेटवरूनच रिक्षा दाखवली असती.

पहाटे चारला घंटा. फोन जमा, पेन जमा, बोलणं बंद, कुणाकडे बघायचं पण नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, नाकाशी. मला श्वास सोडून सगळं दिसलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून झालेल्या भांडणात तेव्हा न सुचलेली चार कडक उत्तरं आत्ता सुचली, आणि लिहून ठेवायला पेन नाही!

चौथ्या दिवशी खरी विपश्यना. डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं आणि जी वेदना असेल ती फक्त बघायची. आता इथे भाषेचा घोळ आहे. पालीत, म्हणजे बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, वेदना म्हणजे कुठलीही जाणीव, सुखाची, दुःखाची नाहीतर मधलीच. माझा उजवा गुडघा मात्र पक्का मराठी, त्याला वेदनेचा एकच अर्थ माहीत. त्यात अधिष्ठान, म्हणजे एक तास हात-पाय-डोळे हलवायचे नाहीत, दिवसातून तीनदा. विसाव्या मिनिटाला मुंग्या, चाळिसाव्याला कुणीतरी आत पाना घालून पिळतंय आणि टेपवर गुरुजी संथपणे अनिच्चा, अनिच्चा, म्हणजे अनित्य आहे, जाईल. अहो जातंय कुठे, डाव्यात आलं!

तसंच रागाचं. पालीत राग म्हणजे आसक्ती, आपण ज्याला राग म्हणतो तो तिथे द्वेष. मला दोन्ही भाषांमधले राग एकाच वेळी झाले होते. मराठीतला शेजारच्या काकांवर, कारण ते नाश्त्यानंतरच्या बैठकीत बरोब्बर सव्वाआठला ढेकर द्यायचे, लांबलचक, शेवटी वळण घेणारी. आणि पालीतला चुरमुऱ्यांवर. अकराला जेवलं की नंतर थेट पाचला चहा, एक केळं आणि वाटीभर चुरमुरे, बास, रात्रीचं जेवण नाहीच. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना तर तेही नाही, फक्त लिंबूपाणी. ज्या चुरमुऱ्यांकडे घरी भेळेशिवाय ढुंकून बघत नाही त्यांची मी दुपारी एकपासून वाट बघत बसायचो. एकेक दाणा चावून खायचो. निर्वाण वगैरे ठीक आहे, पण वाटी जरा मोठी हवी होती.

प्रवचनात प्रज्ञेचे तीन प्रकार सांगतात. सुतमया म्हणजे ऐकलेली, चिंतामया म्हणजे विचार करून पटलेली, आणि भावनामया, जी स्वतःच्या अंगावर कळते. पहिल्या दोन माझ्याकडे व्हॉट्सअॅपमुळे भरपूर होत्या. तिसरी सातव्या दिवशी दुपारी आली. गुडघ्याशी भांडून भांडून थकलो होतो म्हणून असेल, पण नीट बघितलं तर ते दुखणं सलग नव्हतंच. आधी ऊब, मग एक ठणका, मध्ये चक्क मोकळी जागा, परत ठणका. माझा गुडघा असं काही उरलंच नाही, नुसती हालचाल चालू होती. चार सेकंद. मग आतून आवाज आला, "अरे, जमलं की!" आणि पाना परत फिरायला लागला.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. काका स्वतःहून आले. त्यांचं हे चौथं शिबिर, म्हणजे पाचला लिंबूपाणीवाले.

"तुम्ही ते चुरमुरे खायचात ना," काका म्हणाले, "कुर्रम कुर्रम, एकेक करून... मला फार राग यायचा हो."

"पालीतला की मराठीतला?"

काकांनी जरा डोळे मिटले.

"दोन्ही."