कळस कापू नका

"राहू दे त्यांना, आपण दुसऱ्या कुणाला तरी सांगू."

हे वाक्य गेल्या रविवारी वेरूळच्या सोळा नंबरच्या लेण्यात माझ्याबद्दल, माझ्यासमोर, माझ्या बायकोच्या देखत बोललं गेलं. मी तेव्हा जमिनीवर आडवा होतो. कोपर अजून ठणकतंय. बाकी जे ठणकतंय त्याला मलम मिळत नाही.

आम्ही दोघं अशा छोट्या सहली करतो. मुलगी मार्गाला लागली, गुडघे अजून साथ देतायत, तेवढ्यात जमेल ते पाहून घ्यावं, एवढाच हिशेब. (अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे ज्याला पाठ नाही त्यानं जोडीनं तिकडे जाऊ नये. संसार मोडायचा.) तर कैलास लेण्याच्या अंगणात, दगडी हत्तीपाशी, मान वर करून मी नुसता बघत उभा होतो. खांद्यावर टकटक झाली.

"सर, आमच्या दोघांचा एक फोटो काढता का?"

आजूबाजूला शंभर माणसं रिकामी असली तरी परक्यांचे फोन माझ्याच हातात येतात. बायकोच्या मते, हा माणूस नाही म्हणणार नाही, हे लांबूनच कळतं.

गृहस्थ साठीच्या पुढचे. डोक्याला पांढरी टोपी, खिशाला पेन. लाल पेन. सहलीलासुद्धा.

"मी ड्रॉइंगचा मास्तर होतो, म्हणून थोडं सांगतो. राग मानू नका," ते म्हणाले. "कळस पूर्ण आला पाहिजे. कळस कापू नका. आणि आमचे पाय. पाय कापले की माणूस तरंगतो. हत्ती अर्धा आला तरी चालेल, त्याची सोंड नाहीतरी तुटलेलीच आहे."

आता अडचण अशी, की हे देऊळ डोंगर वरून खाली खोदून काढलेलं. उंची साधारण तीस मीटर, आणि भोवतीच्या अंगणात चार पावलं मागे सरकलं की पाठ कड्याला लागते. कळस घ्यावा तर माणसं जातात, माणसं घ्यावीत तर कळस जातो.

"वाका जरा, दादा." वाकलो.

"अजून खाली." उकिडवा बसलो.

"अहो, तसं नाही. असं करा, आडवेच व्हा ना. स्वच्छ आहे."

स्वच्छ नव्हतं. पण मी झालो. 'सर'चा 'दादा' आणि 'दादा'चा 'अहो' झाला होता. जितका मी खाली, तितकं संबोधन खाली. झोपल्यावर तर तेही गेलं, नुसते हुकूम यायला लागले. "डावीकडे. मान वर. फोन पोटावर घ्या, पोटावर."

"पुरे ना आता," त्यांच्या सौ. म्हणाल्या. "सकाळपासून बशीभर पोह्यांवर आहे मी. भूक लागलीय."

"थांब गं. कळस आल्याशिवाय जेवण नाही."

हे ऐकून मी पडल्या पडल्या हसलो, कारण या देवळाची कथाच तशी आहे. राणी माणिकावतीनं नवस बोलला, की कळस दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. शिल्पकार हबकले. देऊळ पायापासून बांधत गेलं तर राणी जायची. मग पैठणचा कोकस पुढे आला आणि त्यानं कळसापासूनच कोरायला घेतलं. आधी कळस, मग पाया. राणी जेवली. इतिहासात हे काम आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या नावावर जमा आहे, राणीचा उपास तिथे नोंदलेला नाही. पण एक फरक आहेच. राणीनं उपास स्वतःहून धरला होता. या बाईंवर तो लादला होता.

मी मास्तरांना हे सांगायला गेलो. "बोलू नका, हात हलतो," ते म्हणाले.

काढला एकदाचा. त्यांनी फोन घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि दोन बोटांनी फोटो ताणून तपासायला सुरुवात केली. आधी कळस. मग पाय, चारी. मग तोंडानं 'च्च'.

"उभ्या रेषा कलल्यात."

"मी आडवा होतो ना," मी म्हणालो.

"तुम्ही असा आडवे. फोन सरळ नको?" पुन्हा बोटं ताणली. "आणि हिचे डोळे मिटलेत."

"भुकेनं," सौ. म्हणाल्या.

मग ते वाक्य. मी अजून उठलोही नव्हतो. मास्तरांनी शेजारून जाणाऱ्या एका कॉलेजकुमाराला थांबवलं. त्याच्या दोन्ही कानांत बोळे. त्याला सूचना नाहीत, रेषा नाहीत, काही नाही. त्यानं उभ्या उभ्या, च्युइंगगम चघळत, एका हातानं बटण दाबलं आणि फोन परत दिला. मी मुद्दाम डोकावून पाहिलं. कळस साफ गायब. मास्तर म्हणाले, "हां! याला म्हणतात नजर."

माझी बायको भली. ती आपला फोन पुढे करून म्हणाली, "आमचाही एक काढता का?"

"अहो, आम्हाला जेवायचंय," असं म्हणून ते गेले.

माझा राग मास्तरांवर नाही, असं मी घरी येईपर्यंत म्हणत होतो. आहे. त्यांच्यावरही आहे. पण त्या अंगणात देवळाकडे तोंड करून उभा असलेला माणूस शोधावा लागत होता. सगळ्यांची पाठ देवळाला. दक्षिणेच्या अंगाला रावण कैलास हलवतोय. सगळे हात कामाला लावलेत, वर पार्वती दचकून शंकराला बिलगलीय. त्याच्यासमोर एक ताई तीच गिरकी पुन्हा पुन्हा घेत होत्या आणि रावण बघायला आलेल्या मला "काका, फ्रेममध्ये येताय" म्हणून हाकलत होत्या. मीही तिकीट काढूनच आत आलो होतो. रावणाचं कुणी विचारतच नव्हतं.

आदल्या दिवशी अजिंठ्यातही हेच. तिथे 'भिंतींना हात लावू नये, नावे लिहू नयेत' म्हणून बजावतात आणि दहा नंबरच्या लेण्यात नेऊन गाईड टॉर्चच्या उजेडात कौतुकानं जॉन स्मिथचं नाव दाखवतो. हा मद्रास सैन्यातला गोरा अधिकारी. २८ एप्रिल १८१९ ला शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. दिसली तर दिसली, खांबावरच्या चित्रावर नाव आणि तारीख कोरून ठेवली. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढीग होता आणि तो त्यावर उभा होता, म्हणून ते नाव आता आपल्या डोक्याच्याही वर आहे. म्हणजे दोनशे वर्षं दम धरला की खोडसाळपणा पाहण्याजोगा होतो. शेजारच्या डोंगरावर बदाम काढून 'अमुक लव्ह तमुक' लिहिणाऱ्यांनी तेवढी कळ काढावी.

परदेशात सुटका असेल, असं वाटतं का? गेल्या वर्षी व्हिएतनामला गेलो. दा नांगजवळ बा ना हिल्सवर दोन अजस्र हातांनी तोलून धरलेला सोनेरी पूल आहे, दीडशे मीटर लांबीचा. ते शेवाळलेले, जुनेपुराणे हात फायबरग्लासचे आहेत. पूल खुला झाला २०१८ मध्ये. आमच्या इमारतीची लिफ्ट त्याहून पुरातन आहे. तर त्या बनावट हातांसमोर लोक शिस्तीत रांग लावून, आपली पाळी येईपर्यंत गप्प उभे. मला जरा भरून आलं. इतक्यात धुक्यातून एक फोन माझ्या हातात आला आणि शुद्ध मराठीत आवाज आला, "दादा, पाचही बोटं आली पाहिजेत हं."

मी विचारलं, "मी मराठी आहे हे कसं ओळखलंत?"

"चेहऱ्यावरून."

बोटं आली. आमच्या दोघांच्या फोटोत मात्र नुसतं धुकं आलं, कारण तो काढताना त्यांचा ग्रुप हाका मारत होता.

वेरूळहून परतताना बायको म्हणाली, "पुढच्या वेळी हंपी." मी पाकीट काढलं आणि पन्नासची नोट तिच्या मांडीवर ठेवली. हा घे हंपीचा रथ, छापील, कुणी काही कापलेलं नाही. वीसच्या नोटेवर वेरूळ. दहाच्यावर कोणार्क, शंभरच्यावर राणी की वाव, दोनशेच्यावर सांची, पाचशेच्यावर लाल किल्ला. घरबसल्या सगळा देश नऊशेच्या आत. दोन हजारांच्या नोटेवर मंगळयान होतं. ती २०२३ मध्ये चलनातून काढायला घेतली म्हणून मंगळ तेवढा वाचला. नाहीतर तिथेही कुणीतरी खांद्यावर टकटक केलीच असती.

तिनं पन्नासची नोट घडी घालून आपल्या पर्समध्ये टाकली.

"मंगळावर माणसं नसतात," ती म्हणाली. "मग आपला फोटो कोण काढणार?"