मेसेजमधली ती ‘घरी बाळंत झालेली वहिनी’ मीच

महिनाभरापासून एक मेसेज फिरतोय. आधी माहेरच्या ग्रुपवर आला, मग भावकीच्या, आणि परवा बचत गटाच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘दुसऱ्या बाळंतपणाला दवाखाना कशाला? वाट मोकळी झालेली असते, दोन तासांत सुटका. आपल्या आज्यांची आठ-आठ घरीच झाली. इंग्लंडात डॉक्टरच दुसऱ्या बाळाला घर सुचवतात. आपल्या गडचिरोलीत डॉक्टर बंगांनी घरच्या घरी बाळं वाचवली. दवाखान्यात गेलं की पोट फाडतात. पुढे पाठवा.’ बचत गटाच्या ग्रुपवर त्याखाली कोणीतरी लिहिलं, ‘आपल्या वहिनीचंही घरीच झालं ना, मायलेकरं ठणठणीत.’

ती वहिनी मी. म्हणून उत्तर देणं आलं.

दुसऱ्या वेळी सुटका लवकर होते, हे खरंच आहे. त्यात खोटं काहीच नाही. माझी पहिली वेळ एकोणीस तासांची होती. दुसऱ्या वेळी पोळ्याच्या आधी, दुपारी चारच्या सुमारास कळा सुरू झाल्या. मी मनाशी म्हटलं, सकाळपर्यंत वेळ आहे. भाकरी थापल्या, मोठ्या पोरीची वेणी घातली. सहाला लेकरू आत्याबाईंच्या हातात. कोणी ठरवून घरी केलं नव्हतं; पहिल्या वेळच्या हिशेबाने बसून राहिले आणि फसले. सुटका लवकर होते, तर घरून लवकर निघायला पाहिजे ना? मेसेजवाल्याने त्याच गोष्टीचा उलटा अर्थ काढला.

आणि ‘ठणठणीत’च्या आधीचा तास कोणी सांगत नाही. लेकरू रडलं, सगळे हसले, पण वार, म्हणजे नाळेला जोडलेला आतला गोळा, पडेना. आशाताई पावसात भिजत आली, तोवर पाऊण तास झाला होता. मग वार पडली आणि रक्त थांबेना. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याच्या घड्या एकामागून एक भिजत गेल्या. त्या म्हणत होत्या, ‘बाळंतपनात जातेच थोडं रगत, भिऊ नको.’ मला भीती वाटत नव्हती, झोप येत होती. आशाताई ओरडली, ‘झोपू नका बाई, बोला माह्याशी.’ १०८ची गाडी आली, पण नाल्याला पूर, ती पलीकडेच उभी. मला खाटेवर टाकून चौघांनी पाण्यातून नेलं. ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन आणि सलाईन, तिथून जिल्ह्याला, तिथे दोन पिशव्या रक्त. एवढ्यानंतरची मी ठणठणीत.

रक्त का वाहतं, ते नंतर तिथल्या सिस्टरने समजावलं. वार सुटली की तिच्या जागेवर शिरांची तोंडं उघडी राहतात. गर्भाशय आवळून घट्ट झालं की ती दाबून बंद होतात. सैल राहिलं तर नळ सुरूच. भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर आणि त्याहून जास्त रक्त जातं, म्हणजे हातात तास नसतो, मिनिटं असतात. म्हणून दवाखान्यात लेकरू बाहेर आल्या आल्या मिनिटभरात आईला मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आमच्याकडे फ्रिज आहे, पण श्रावणात लाईट कुठे असते! वाट मोकळी असण्याचा या तासाशी काडीचा संबंध नाही. त्यात आपल्याकडे मुळात अंगात रक्त किती? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. विदर्भात वरून सिकलसेल, हा घराण्यातून येणारा रक्ताचा आजार. धडधाकट बाई जेवढं रक्त गेलेलं सोसते, तेवढ्यात अशी बाई जाते.

आता आजी. माझ्या आजीला मी विचारलं होतं, ‘आजी, तुले किती लेकरं झाले?’ ती म्हणाली, ‘झाले आठ, हाती लागले पाच.’ एवढंच बोलून ती पुन्हा तूर पाखडायला लागली. तिच्या धाकट्या जावेला कोणी काही विचारू शकत नाही, कारण ती तिसऱ्या वेळी वार अडकून गेली. आज्यांच्या गोष्टी आपण जगलेल्या आज्यांकडूनच ऐकतो, बाप्पा. २००१-०३मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे ३०१ आया दगावत होत्या, २०१८-२०मध्ये ९७, महाराष्ट्रात ३३. रस्ते, रक्तपेढ्या, लग्नाचं वय, सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण घरची बाळंतपणं कमी झाली, त्याच काळात हे आकडे उतरले.

इंग्लंडचा दाखला मात्र मला आवडला, कारण तो अर्धा खरा आहे. २०११मध्ये तिथला सुमारे ६४ हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धोका कमी असलेल्या, आधी बाळंत झालेल्या बायकांनी ठरवून घरी केलं तर बाळाला धोका वाढलेला दिसला नाही. पहिलटकरणींच्या बाळांना मात्र दिसला. पण तिथलं ‘घरी’ म्हणजे काय? शिकलेली सुईण हजर, तिच्या पिशवीत तेच इंजेक्शन आणि लेकराला श्वास द्यायचं सामान, दाराबाहेर डांबरी रस्ता. एवढं असूनही दुसरेपणाच्या शंभरातल्या बारा जणींना मधेच किंवा नंतर दवाखान्यात हलवावं लागलं. त्या बारा जणींना आमच्या नाल्याच्या अलीकडे ठेवून बघा.

डॉक्टर अभय आणि राणी बंगांचं काम तर पुरतंच उलटं सांगितलंय. गडचिरोलीच्या ३९ गावांत बाळंतपणं तशीही घरीच होत होती. तिथे त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणं, ऊब देणं, श्वास अडला तर देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले; १९९९मध्ये ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. दवाखान्यात जाऊ नका, असं त्यात कुठे आहे? त्याच कामातून निघालेली पद्धत आज आशाताई दवाखान्यातून परतलेल्या बाळांसाठीही वापरते. तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत ती सहा वेळा दारात येते.

सिझरची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. त्याच राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरात ४७ सिझर, सरकारीत १४. मग भीती असेल तर सरकारी दाराने जा. तिथे सिझर, रक्त, जेवण, जाण्या-येण्याची गाडी फुकट आहे, २०११पासून. आणि पहिलं सिझर असेल तर घरी बाळंत होण्याचा विचारही नको, जुना टाका आतून फाटू शकतो.

एक गोष्ट मेसेजात नाहीच, आणि ती खास दुसऱ्या बाळाची आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि पहिलं लेकरू पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या रक्तात त्या गटाविरुद्ध तयारी झालेली असू शकते. पहिलं सुखरूप सुटतं, दुसऱ्याला कावीळ चढते, कधी पोटातच जीव जातो. बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन मिळालं तर हे बहुतेक टळतं. घरी झालेल्या लेकराचा रक्तगट तपासणार कोण? आपलं गरोदरपणाचं कार्ड काढून रक्तगट वाचा, आत्ताच.

हा मेसेज लोक पुढे का पाठवतात, तेही मला कळतं. पहिल्या वेळी मी कळांनी ओरडले तर एका बाईने मांडीवर चापट मारली होती आणि वर बोलणं ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाथरूमला कडी नव्हती. आईला आत येऊ दिलं नाही. सोबतीला एक बाई राहू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६मध्येच सांगितलंय. ते मला ठाऊक नव्हतं, आता भांडून घेते. हा राग खरा आहे. पण घरी बसून मी तो कोणावर काढणार? रक्त माझंच जाणार.

काल शेजारची सून तोच मेसेज घेऊन आली. तिचं दुसरं, आठवा महिना. ‘काकू, कळा सुरू झाल्यावर किती वेळ थांबू?’

‘थांबू नको. भाजी चुलीवर असली तर तशीच सोड. आणि दिवस भरायच्या आठ दिवस आधी तालुक्याला बहिणीकडे जाऊन राहा, नाल्याच्या पलीकडे.’

तिच्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. दाराच्या चौकटीवर दुधाचा हिशेब पेन्सिलीने लिहिलेला असतो, त्याच्या खाली त्यांनी जीपवाल्याचा नंबर लिहून घेतला.