बाळाचं चांगलं आलं, मग आता गोळी कशाला?

तिने गोळ्यांच्या बाटलीत कापूस कोंबला होता. तीस गोळ्यांची बाटली पिशवीत हलली की खुळखुळते, आणि सासू विचारते, "कसला आवाज गं?" म्हणून कापूस. वरचं लेबलही भिजवून, नखाने खरवडून काढलेलं. सहावा महिना चालू होता तिला, आणि गोळ्या होत्या एचआयव्हीच्या. बाटली माझ्या कानाशी धरून हलवली आणि म्हणाली, "आता नाही ना वाजत, सिस्टर?"

मी आरोग्य सेविका होते, दिंडोरी-पेठ पट्ट्यात. आता निवृत्त होऊन नाशिकमध्ये असते. तिची ओळख पटेल असं काही इथे लिहिलेलं नाही. लिहायला बसले ते एका शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून ऐकलेल्या वाक्यामुळे: "सरकार फुकट औषध देतं, तरी या बायका मध्येच सोडतात, त्यांना गांभीर्यच नसतं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही ते.

गांभीर्य नसतं? नऊ महिने एकही गोळी न चुकवणारी बाई बाळंतपणानंतर वर्ष-दीड वर्षात दिसेनाशी का होते, याचं माझं उत्तर वेगळं आहे. गोळी आपणच तिला बाळाच्या नावाने दिली.

आईकडून बाळाला एचआयव्ही जाऊ नये यासाठीचा कार्यक्रम आपल्याकडे २००२ मध्ये सुरू झाला. त्या काळी आम्ही बाईच्या हातात नेव्हिरपीन या एचआयव्हीच्या औषधाची एकच गोळी द्यायचो. कळा सुरू झाल्या की घे, एवढंच सांगायचो. बाळ जन्मलं की त्याला सिरप पाजायचं. ती गोळी बाईच्या आजारासाठी नव्हतीच, बाळासाठी होती. २०१४ पासून नियम बदलला: गरोदर बाई पॉझिटिव्ह आली की लगेच एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, सुरू, आणि त्याही आयुष्यभरासाठी. फार मोठी गोष्ट झाली ही. काहीच उपचार नसले तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आई नीट गोळ्या घेत असेल तर हे प्रमाण ५ च्याही खाली येतं. पण कागदावरचा नियम बदलला तरी आमच्या तोंडातलं वाक्य तेच राहिलं. "बाळासाठी घे गं, बाई." हे मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय. बाई ऐकते, कारण बाळासाठी ती काहीही करते. मग अठराव्या महिन्याचा बाळाचा शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, सगळे पेढे वाटल्यासारखे खूश होतात, आणि ती विचारते, "बाळाचं चांगलं आलं ना सिस्टर, मंग आता मी कशाला गोळी खाऊ?"

आणि तिथवर पोचायच्या आधीच कितीतरी जणी गळतात. कुठे गळतात तेही सांगते.

सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी माहेरी जाते. नाव सासरच्या एआरटी सेंटरला, माहेर दुसऱ्या तालुक्यात, कधी धुळ्याकडे, कधी पार गुजरातच्या हद्दीत. तिकडच्या सेंटरला कागद पाठवता येतो, तिथे गोळ्या मिळतात, पण हे तिला आधी कुणीतरी बसून सांगायला हवं. जवळच्या गोळ्या संपत येतात. माहेरी आईला काही माहीत नाही, भावाला गाडीवर सोड म्हणायची सोय नाही. मग बाळंतपण, आणि सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. नेमकं त्याच सुमाराला, सहा आठवड्यांनी, बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन पहिली तपासणी करायची असते.

त्यात बाळगुटी. आजी पहाटे उठून सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ उगाळते. किती मायेने! आईच्या दुधात दोन वळसे जास्तच. आता या बाळाला पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध हवं. अंगावरचंही आणि वरचंही असं मिसळून दिलं की बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. पण बाळंतीण आजीला नको का म्हणतेय, हे सांगणार कसं? मी एक करायचे. बाळ बघायला गेले की सगळ्या घरासमोर मोठ्याने सांगायचे, "सहा महिने फक्त आईचं दूध, थेंबभर पाणीसुद्धा नाही. सगळ्याच बाळांना हेच सांगतो आम्ही." खोटं नव्हतंच ते, सगळ्याच बाळांना तेच सांगतात. आजी माझ्यावर रागवायची, सुनेवर किंवा लेकीवर नाही. चालेल मला.

पुढे कामाचा हंगाम. पेठ-सुरगाण्याकडची माणसं द्राक्षछाटणीला निफाड-दिंडोरीत उतरतात. बाळ झोळीत, आई बागेत. एक दिवस नाशिकला यायचं म्हणजे रोज बुडतो आणि मुकादमाला कारण द्यावं लागतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा खरंच आधार आहे. पण आईच्या गोळ्यांची तारीख वेगळी, बाळाच्या लसीची वेगळी, बाळाच्या तपासणीची आणखी वेगळी. तीन वाऱ्या. माझं म्हणणं साधं आहे: बाळाच्या लसीच्या दिवशीच आईच्या गोळ्या तिच्या पिशवीत पडल्या पाहिजेत. लसीला ती येतेच, अंगात ताप असला तरी येते.

घरात तपासणी पहिली होते ती गरोदर बाईची, म्हणून आजारही तिनेच आणला असं ठरतं. नवरा तपासायला तयार होईपर्यंत ती पुरती मोडलेली असते. एका खासगी दवाखान्यात तर मी अशाच एका बाईच्या फाइलवर लाल शाईने मोठी खूण केलेली पाहिली, आयाबाईलाही कळेल अशी. एचआयव्हीबाधितांच्या हक्कांसाठीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. असा भेदभाव करायला त्यात बंदी आहे आणि तिच्या संमतीवाचून तिचा आजार उघड करायलाही. त्या दवाखान्यात ती पुन्हा कधीच गेली नाही. आमच्या रजिस्टरला मात्र नोंद झाली, "संपर्क नाही". ती नोंद माझ्या हाताने झाली, हे मला टोचत राहतं. तिने सोडलं असं लिहिलं, तिला कुणी सोडलं ते लिहायला रकानाच नव्हता.

कापूसवालीचं सांगायचं राहिलं. मुलीचा अठराव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि तिने गोळ्या बंद केल्या. दहा महिन्यांनी आली ती खोकत, हाडाची काडं झालेली. टीबी. मुलगी कडेवर गुटगुटीत आणि आईला पायरी चढवेना. या वेळी मी बाळाचं नाव काढलं नाही. म्हटलं, "तू किती वर्षांची गं?" "चोवीस." "मग तुझ्यासाठी घे." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. असं तिला आधी कुणी म्हटलंच नव्हतं.

टीबीचा कोर्स पूर्ण केला तिने, एआरटीही पुन्हा सुरू झाली. परवा फोन आला तेव्हा बागेतच होती, मागे बायकांचा कलकलाट. रात्री जेवणानंतर घेते म्हणाली, एकही चुकवली नाही. सासूला सांगून टाकलंय आता.

बाटलीत कापूस नाही.