समोरचं टेम्पररी आहे

“काका, रविवारी दोरीवर कपडे नका ना वाळत घालू, प्लीज.”

दारात शेजारच्या बांधकामाचा सेल्सवाला. कडक इस्त्रीचा शर्ट, वर पिवळं हेल्मेट, आणि मी ‘हो’ म्हणणारच अशी खात्री. रविवारी साइट व्हिजिट आहे. पाचव्या मजल्यावर गिऱ्हाईक उभं केलं, की नेमकी माझी गॅलरी समोर येते म्हणे.

“ब्रोशरमध्ये आम्ही ‘ओपन व्ह्यू’ दिलाय.”

“पण समोर तर मी राहतो.”

“हो ना! तोच प्रॉब्लेम आहे.”

“मग लोकांना काय सांगता?”

“सांगतो, समोरचं टेम्पररी आहे.”

माझा जन्म या घरातला. ज्यांच्या भिंतींना अजून प्लास्टर नाही, ते मला टेम्पररी म्हणतात!

“म्हणजे घर टेम्पररी, तुम्ही नाही,” त्यानं सावरलं. मग जरा विचारात पडला. “म्हणजे तसे तुम्हीपण... पण तसं नाही, काका.” पुरावा म्हणून त्यानं ब्रोशर उघडलं. चित्रात माझ्या घराच्या जागी गुलमोहर फुलला होता. “चादर चालेल, फिकट रंगाची,” तो उदार झाला. “फक्त बनियन नको.”

शहराच्या मध्यभागी घरं नकोत असं माझं म्हणणं नाही. लोकांना गावाबाहेर फेकून रोज प्रवासात झिजवण्यापेक्षा आतल्या रिकाम्या जागा भरलेल्या बऱ्या. पण हे भरण्याचं टायमिंग कोण ठरवतं? शेजारी खड्डा खणला, आणि काम थांबलं. त्यात पावसाचं पाणी साठून डास माझ्या घरी राहायला आले. मग बुकिंग सुरू झालं असावं, कारण एकदम रात्रीचे स्लॅब पडायला लागले. सुरू केलेला स्लॅब अर्धवट सोडता येत नाही, सांधा कच्चा राहतो, हे मला पहाटे तीनला सुपरवायझरनं समजावलं. काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी तपासतात. माझी कोणी तपासत नाही.

मी सेल्सवाल्याला इतिहास ऐकवायचं ठरवलं. म्हटलं, 1915 मध्ये न्यूयॉर्कात इक्विटेबल बिल्डिंग अशीच प्लॉटच्या कडेपासून सरळसोट वर गेली. आसपासच्या इमारती तिच्या सावलीत गेल्या, ओरड झाली, आणि 1916 मध्ये शहरानं नियमच केला की उंच जाताना वरचे मजले मागे घ्यायचे.

त्यानं मन लावून ऐकलं. “मग ती बिल्डिंग पाडली?”

“नाही. अजून उभी आहे.”

“मग झालं तर!”

यावर काय बोलणार? न्यूयॉर्क सोडून मी पाण्यावर आलो. आतल्या भागात बांधायचं कारण काय सांगतात, तर रस्ते, पाणी, ड्रेनेज सगळं आयतं असतं. असतं की! एका बैठ्या घरासाठी टाकलेला पाइप असतो. आता त्याच्यावर अख्खी इमारत लटकणार. मजले वाढवायची मंजुरी निघते, पाइप वाढवायची निघत नाही. बरं, एवढं करून त्या घरांत माणसं तरी राहतील? गल्लीच्या तोंडाशी अशीच एक इमारत झालीय. फ्लॅट सगळे विकले गेलेत आणि बरेचसे कुलुपात आहेत. गुंतवणूक म्हणे. ज्यांना खरंच राहायचंय ते अजून गावाबाहेरूनच येतात.

“पाण्याचं डिपार्टमेंट वेगळं आहे, काका,” सेल्सवाला म्हणाला.

ते कुठे बसतं, विचारलं. नेमका तेव्हाच त्याला फोन आला.