'कथित' लिहिलं म्हणून सुटका नाही

'नावाआधी "कथित" लावा, शेवटी "असे समजते" म्हणा, मग केस होत नाही,' हा सल्ला मराठी ब्लॉगलेखक अजूनही एकमेकांना देतात. इंग्लंडमधून तो वाचताना दरवेळी चीड येते. ऐकीव आरोप पुन्हा लिहिणारा तो आरोप स्वतः केल्याइतकाच जबाबदार, हे इथल्या न्यायालयांत केव्हाच मुरलंय. भारतातही 'कथित' हे कवच नाही. नाव गाळलं तरी 'अमुक शाळेचे मुख्याध्यापक' एवढ्यावरून माणूस ओळखू आला की पुरे.

वर ऐकवतात, 'तुमच्याकडे काहीही लिहिता येतं.' नाही येत. इथल्या 2013च्या डेफमेशन अ‍ॅक्टप्रमाणे, म्हणजे बदनामीच्या कायद्याप्रमाणे, दावा करणाऱ्याला प्रतिष्ठेची गंभीर हानी दाखवावी लागते, हे खरं. पण मजकूर खरा असल्याचं सिद्ध करायचं ओझं लिहिणाऱ्यावरच, आणि हरलात तर समोरच्याच्या वकिलाचा बराचसा खर्चही तुमच्याच माथी. फरक हा की बदनामीचा फौजदारी गुन्हा इथे 2010 मध्ये संपला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये त्याची कायद्यातली तरतूद वैध ठरवली. आता जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे सत्य एकटं पुरतं, तिथे फौजदारी खटल्यात त्याच्या जोडीला लोकहितही दाखवावं लागतं. मृत व्यक्तीबद्दलचं लिखाणही तिथे गुन्हा ठरू शकतं.

तेव्हा 'कथित' टंकण्याआधी कागद मिळवा. आरोपपत्रात जेवढं आहे तेवढंच, तारखेसह लिहा. समोरच्याला लेखी प्रश्न पाठवा, वाजवी मुदत द्या. उत्तर आलं नाही तर तसं नमूद करा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो मत आणि आरोप यांत. 'निविदेला एकच बोली आली' ही वस्तुस्थिती, 'मला हे खटकतं' हे मत. 'पैसे खाल्ले' हा मात्र आरोप, आधी 'माझ्या मते' लिहिलं तरी. आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख कळेल असा तपशील दोन्ही देशांत देता येत नाही, गावाच्या उल्लेखानेही ती कळत असेल तर गावही नको.

हे लिहिताना मीही सारखं 'इथे' आणि 'तिथे' म्हणते आहे. पण भारतीय नागरिकाने परदेशात केलेला गुन्हाही न्याय संहितेच्या कक्षेत येतो, आणि माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. इथलं नागरिकत्व घेतलं तर तो परत करावा लागेल. तेवढं मन होत नाही.